राहिलेलं तांबं

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तिचा डावा हात थांबला. हाताखाली प्लास्टिकचा ट्रे होता, ट्रेमध्ये तांबं खाणारं कोमट फेरिक क्लोराइड, त्यात तळहाताएवढा सर्किट बोर्ड, आणि चौदावं मिनिट चालू होतं. चौदाव्या मिनिटाला हात थांबवायचा नसतो. कडेचं तांबं तोवर गेलेलं असतं, मधलं अजून गुलाबी सायीसारखं धरून असतं. द्रावण हललं नाही तर वापरून झालेला थर तांब्यावरच बसून राहतो, नव्याला खाली पोचू देत नाही. मग कडेच्या, शाईने झाकलेल्या रेषाही झिजत जातात आणि मधलं तसंच राहतं. तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत ती बावीस वर्षं मुलांना हेच सांगत आली होती. ट्रेची एक बाजू बोटभर उचला, खाली सोडा, उचला, सोडा, थांबू नका. पोरं पाठीमागे तिला 'थांबू-नका-बाई' म्हणायची. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा राग नव्हता. इतरांना याहून वाईट नावं होती. आता तीच थांबली होती. ट्रेमधली लाट पलीकडच्या कडेला लागून परत आली, अर्ध्यावर विरली, आणि तपकिरी पाणी इतकं सपाट झालं की त्यात बाथरूमचा दिवा दिसायला लागला.

उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. समोर उलट्या ठेवलेल्या बादलीवर एक पांढरी पेटी, झाकण निघालेली. काल दुपारी वृद्धाश्रमाच्या मेट्रनबाई ती स्वतः घेऊन आल्या होत्या. "मॅडम, ही मेली वाजेना," त्या चप्पल काढता काढताच म्हणाल्या होत्या. "आठ घेतल्यात आम्ही, सात वाजतात. नेमकी पळणाऱ्या आजींच्याच पलंगाखालची मुकी. परवा आजी उठल्या त्या थेट जिन्यापर्यंत. कंपनीला फोन केला तर म्हणतात, नवीन घ्या. तुम्ही बघता का?" ती बघते म्हणाली. गादीखाली एक पट्टी, पट्टीवरचं वजन उठलं की पेटीतून बेल. असलं यंत्र तिने आधी पाहिलं होतं असं नव्हे, केलं होतं. पण ते तिने मेट्रनबाईंना सांगितलं नाही. गेल्या तीन वर्षांत ते कुणालाच सांगितलं नव्हतं. आज ट्रे हलवता हलवता, डावा हात अडकलेला आणि उजवा रिकामा म्हणून, तिने चार स्क्रू काढले. बॅटरीचं पाणी सुटलं असेल, एवढंच बघायचं होतं. आतला बोर्ड कारखान्याचा, हिरवा, नीटस. तिने तो सवयीने उलटा केला. ज्या बाजूला रेषा असतात ती बाजू ती नेहमी आधी बघे, जसं काही लोक माणसाच्या चेहऱ्याआधी पायांकडे बघतात.

दोन रेषांच्या मध्ये, जिथे काहीच असायला नको, तिथे तांब्याचं एक बेट होतं. नखाच्या टोकाएवढं. गोल नाही, एका बाजूला फुगलेलं, दुसऱ्या बाजूला शेपूट, आणि शेपटाचं टोक किंचित वर वळलेलं. वर हिरवा थर चढवलेला, पण खालचा उंचवटा स्वच्छ दिसत होता. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. विजेच्या दृष्टीने ते तिथे नव्हतंच. कुठल्याही आकृतीत ते नसतं, कारण आकृती काढणारा माणूस जोडण्यासाठी रेष काढतो, न जोडण्यासाठी कोण काढेल? रेषांचं म्हणाल तर तिने त्या एखाद वेळेस सोडून दिल्या असत्या. एकच काम करायचं असलं की दोन माणसं एकसारख्या रेषा काढू शकतात. पण बेट कुणी काढत नाही. बेट राहतं. ते राहतं एखाद्या विशिष्ट दिवशी, विशिष्ट ट्रेमध्ये, कुणाचा तरी हात थांबला म्हणून. आणि हे शेपटाचं बेट जगात एकाच बोर्डवर होतं, तिने स्वतः केलेल्या. ज्याने कुणी त्या बोर्डचा फोटो काढून नक्कल केली होती, त्याला बेट म्हणजे काय ते कळलं नव्हतं. त्याने प्रामाणिकपणे सगळंच उतरवलं होतं.

हात कुणाचा थांबला होता तेही तिला माहीत होतं. साडेतीन वर्षांपूर्वीचा असाच एक रविवार, हेच बाथरूम. ट्रेजवळ तिचा धाकटा भाऊ बसला होता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात तिचे रबरी मोजे. "ताई, हे काय मला पोराला झोपवायला बसवलंस," तो म्हणत होता. "पोराला झोपवतोस तेव्हा मध्येच उठतोस तसं इथे उठू नको," ती म्हणाली होती. धाकट्याचं चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, पाठीचे पट्टे असल्या वस्तूंचं दुकान होतं. बोलण्यात तो पटाईत, हाताने कच्चा. त्या दिवशी सकाळी आई दोनदा पलंगावरून उतरून भिंत चाचपत निघाली होती, म्हणून बोर्ड त्याच दिवशी हवा होता. ती स्वयंपाकघरात आईला भरवत होती. बाथरूममधून येणारा आवाज, ट्रे ओट्यावर टेकण्याचा, टक, टक, टक, तिच्या कानात कामाच्या मागे चालू होता. आणि एका क्षणी तिच्या लक्षात आलं की तो ऐकू येत नाहीये, आणि बराच वेळ येत नाहीये. ती धावली. धाकटा खिडकीशी उभा राहून फोनवर बोलत होता, एका हाताला मोजा, दुसरा हात उघडा. "आलोच, आलोच," तो फोनमध्ये म्हणाला की तिला, ते कळलं नाही. ट्रे निपचित. तिने ट्रे उचलून हलवायला घेतला, पण कडेच्या रेषा बारीक व्हायला लागल्या होत्या, आणखी ठेवता येणार नव्हतं. धुऊन पुसल्यावर मध्ये ते बेट दिसलं. ब्लेडने खरवडून टाकायचं, पाच मिनिटांचं काम. पण आई आतून हाक मारत होती. शिवाय ते कशालाच लागत नव्हतं. तिने वही काढून तारखेपुढे लिहिलं, 'एक बेट राहिलं, निरुपद्रवी.' धाकट्याने वाचलं आणि म्हणाला, "माझ्यावर लिहिलंस की काय?"

बेल म्हणून तिने घरातलीच जुनी दाराची बेल लावली होती. आधी बझर लावला होता, पण त्या कर्कश आवाजाने आई दचकायची, थरथरायची. दाराच्या बेलला मात्र आई घाबरत नसे. उलट तिचा चेहरा उजळायचा. ती पलंगावरून उठायची, पट्टीवरचं वजन सुटायचं, स्वयंपाकघरात टिंग-टाँग व्हायचं, आणि आई पदर सारखा करून म्हणायची, "बघ गं, कुणीतरी आलंय." आपणच उठलो म्हणून बेल वाजली हे तिला कधी सांगून पटलं नाही. धरून पुन्हा बसवली की पट्टी दबायची, पुन्हा उठली की पुन्हा पाहुणा. "बेल वाजवून पळून जातात मेली," ती कुरकुरायची. "आत या म्हणावं. मी काय खाते का कुणाला?" धाकट्याला हे फार आवडायचं. तो आईला मुद्दाम म्हणायचा, "आई, उठून बघ जरा, कोण येतंय का," आणि ती उठली की बेल वाजायची, आणि तो टाळी द्यायचा. तीही हसली होती. ते आता आठवू नये असं तिला वाटलं, आणि आठवलं.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिने एक कागद लावला होता. बेल वाजली की एक रेघ. सकाळी नऊ ते एक कामाच्या मावशी असायच्या, त्या इमानाने रेघ ओढायच्या. एक ते चार धाकट्याचं दुकान बंद, तेव्हा तो असायचा. तो चार वाजता निघताना सगळ्या रेघा एकदम ओढायचा, अंदाजपंचे. त्यानंतर दीडेक तास शेजारच्या काकू, आणि साडेपाचला ती. "ताई, हे मी एकाला दाखवू का?" तिसऱ्याच आठवड्यात त्याने विचारलं होतं. "माझ्याकडे माल येतो त्याच्याकडून, तो अशी छोटी यंत्रं करतो. अगं, प्रत्येक दुसऱ्या घरात एक आई असते." ती म्हणाली होती, "हजार वेळा वाजू दे. एकदाही चुकली नाही तर बघू." "तुझं आपलं हे! देव आला तरी तू त्याला आधी मल्टीमीटर लावशील." विषय तिथेच संपला. निदान तिच्यापुरता संपला.

आई पडली ती अकरा तारखेला, गुरुवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. वेळ धाकट्याने सांगितली होती. मधल्या बोळात, बाहेरच्या दारापासून दोन पावलांवर, कुशीवर. ती चार चाळीसला इस्पितळात पोचली तेव्हा धाकटा बाकावर बसला होता, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. तिला बघून तो उठला आणि तिने काही विचारायच्या आत म्हणाला, "बेल वाजलीच नाही, ताई." मग थोड्या वेळाने, "मी बाहेरच्या खोलीत होतो. वाजली असती तर धावलो नसतो का?" तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. आपण हात ठेवला होता हे आता तळव्याला आठवलं, शर्टाची ओल, खालचं हाड. आठ वाजता तो आईचे कपडे आणायला घरी गेला आणि सव्वादहाला परत आला. दोन गाउन, टॉवेल, कंगवा. एवढ्याला सव्वादोन तास का लागले हे तिने विचारलं नाही. तेव्हा तो प्रश्नच नव्हता.

तेरा तारखेला संध्याकाळी ती घरी एकटी आली आणि पलंगाखालून पेटी काढून बसली. गादी दाबली, सोडली. बेल वाजली. अकरा वेळा दाबली, अकरा वेळा वाजली. न सापडणाऱ्या दोषाइतकं वाईट काही नसतं. झाकण उघडलं, बोर्डवर दिवा धरला, आणि तेव्हा तिला एक रेझिस्टर दिसला, वीज अडवणारा, रंगीत पट्ट्यांचा बारकासा भाग. रेझिस्टर कसाही लावा, चालतो. त्याला डावं-उजवं नसतं. पण ती बसवताना सगळ्यांचे सोनेरी पट्टे एका बाजूला ठेवायची. गरज म्हणून नव्हे. डबे ओळीत लावावेत तसं. पेटीतल्या अठ्ठावीस भागांत एक रेझिस्टर उलटा होता. सोनेरी पट्टा डावीकडे. ती त्याच्याकडे किती वेळ बघत होती कोण जाणे. याचा अर्थ त्या दिवशी घाई झाली होती. जिथे पट्टा चुकला तिथे डागाचा टाकाही कच्चा राहिला असेल, दमट हवेत ते बेट एखाद्या क्षणी दोन रेषांना जोडत असेल. एका क्षणापुरतं, त्याच क्षणापुरतं. तिने वहीत 'निरुपद्रवी' हा शब्द खोडला. एकोणिसाव्या दिवशी आई गेली. "पेटी मी टाकून देतो," धाकटा म्हणाला. "डोळ्यांसमोर नको तुझ्या." ती म्हणाली, ने.

आणि मग तीन वर्षं तो तिला माफ करत आला. हा शब्द तिला आता बाथरूममध्ये बसल्या बसल्या सापडला, आणि तिने तो एकदा उलटा करून पाहिला, जसा बोर्ड पाहिला होता. वर्षश्राद्धाच्या दिवशी आईची बहीण, मावशी, म्हणाली होती, "मशीनच्या भरवशावर का कुणी आईला सोडतं?" तेव्हा धाकटा भरल्या ताटावरून म्हणाला होता, "मावशी, ताईला काही बोलायचं नाही. तिने जीव तोडून केलं होतं. मशीनच ते, चुकतं." तिचे डोळे भरून आले होते, कृतज्ञतेने. परीक्षा असली की ती त्याच्या मुलीला शिकवायला जायची, दुकानातले बंद पडलेले रक्तदाबाचे पट्टे दुरुस्त करून द्यायची, त्याने घराबद्दल जो कागद पुढे केला त्यावर न वाचता सही केली, आणि या सगळ्यात फेडणं होतं, हे तिला माहीत होतं आणि त्यालाही असावं. भावजय एकदा हसत म्हणाली होती, "वन्सं, तुम्ही याला कध्धी नाही म्हणत नाही हो." प्रयोगशाळेत तिने मुलांचे बोर्ड चार-चार वेळा तपासायला सुरुवात केली. घरी ट्रे हलवताना ती मोजायला लागली, मिनिटाला चाळीस, आणि फोन वाजला तर घेत नसे, दारावर कुणी आलं तर उठत नसे. केसाने गळा कापतात म्हणतात. तिला ते कधी पटलं नव्हतं. केसाने कातडीसुद्धा कापत नाही. कापतं ते हे द्रावण, बाजूने, शाईच्या खालून. वरची रेष काळीभोर आणि अखंड दिसत राहते.

रेझिस्टर उलटा होता कारण तो तिने लावलेलाच नव्हता. साडेअकराच्या सुमारास हे तिच्या ध्यानात आलं. बोर्डची नक्कल करायची तर सगळे भाग उपटून काढावे लागतात, तांबं उघडं करावं लागतं, फोटो घ्यावा लागतो; मग भाग परत टाकावे लागतात. टाकणाऱ्याला सोनेरी पट्ट्यांची पर्वा नव्हती. तेरा तारखेच्या आत कुणीतरी तिचे अठ्ठावीस भाग काढून परत लावले होते. आपल्या गुन्ह्याचा म्हणून जो एकमेव पुरावा तिने जपला होता, तो दुसऱ्याच्या हाताचा ठसा होता. तिने मेट्रनबाईंच्या पेटीतला बॅटरीचा साचा उचलला. त्याखाली, तांब्यातच, बारीक अक्षरांत आकृती तयार झाल्याची तारीख होती. कारखान्यातले लोक टाकतात अशी. बारा. महिना तोच, वर्ष तेच.

ट्रे तिथेच ठेवून ती उठली. वही कपाटात होती, अकरा तारखेचं पान सापडलं, भिंतीवरचा कागदही तिने त्यातच घडी करून ठेवलेला. कामाच्या मावशींच्या चार रेघा, निळ्या. एकनंतर कोरं. त्यावरून काहीच ठरत नव्हतं, चार वाजण्याआधीच सगळं झालं होतं. ती पलंगाशी जाऊन उभी राहिली आणि बोळातून चालत गेली, आईच्या पावलांनी, अर्धी अर्धी. सतरा. मोरी डावीकडे, दार उजवीकडे. आई दाराकडे गेली होती. बेल वाजल्यावर जायची तशी. पण शेवटच्या दिवसांत आई बेल न वाजताही दाराकडे जायची, कुणीतरी येणार आहे म्हणून. तिने दोन्ही शक्यता वहीत लिहिल्या, एकीखाली एक. पहिली: अकरा तारखेला दुपारी एकनंतर पेटी घराबाहेर गेली, साडेपाचच्या आत परत यायची होती, आई पडली तेव्हा पलंगाखाली काही नव्हतं. दुसरी: रात्री आठ ते सव्वादहा. आई हाड मोडून पडलेली, आणि तो कपडे आणायला गेलेला. अठ्ठावीस भाग काढायला, तिचा स्वतःचा हात धरला तर, तास लागतो. नक्कल रात्रीत होते. बारा तारीख पडते. दोन्ही जमत होत्या. तिने मध्ये एक आडवी रेघ मारली आणि पेन ठेवलं. जेवायचं राहिलं होतं, पण भुकेचा पत्ता नव्हता. बोटांना फेरिकचा पिवळा डाग होता आणि तोंडात खिळा चोखल्यासारखी चव.

तीन पन्नासला तिने फोन लावला.

"बोल ताई. जेवलीस का?" मागे टीव्हीवर सामना चालू होता.

"आईची पेटी कुठे आहे?"

"कुठली पेटी?"

"बेलची."

"अगं, तीन वर्षं झाली! टाकली मी ती. आज कुठून आठवली?"

"माझ्यासमोर एक आहे. वृद्धाश्रमातून दुरुस्तीला आली. आत माझा बोर्ड आहे."

तो हसला. "बोर्ड सगळे सारखेच दिसतात गं. हिरवे. तुला कुठेही तुझंच दिसतं."

"तुझा फोन आला होता तेव्हाचा ठिपका आहे त्यावर. शेपटासकट."

टीव्हीचा आवाज कमी झाला. मग दार लोटल्याचा. तो गच्चीत किंवा जिन्यात आला असावा. त्याच्या आवाजाला आता भिंती नव्हत्या. "ऐक. रागावू नको. मी त्याला फक्त दाखवला होता. तू काही करणार नव्हतीस त्याचं. एवढी अक्कल आणि बाथरूममध्ये कुजत बसलीस. त्या पेटीने आज कितीतरी म्हातारी माणसं—"

"कधी दाखवलास?"

"नंतर. नंतर गं. तुम्ही सगळे इस्पितळात होतात, पेटी नुसती पडून होती."

"बोर्डवर बारा तारीख आहे."

"असेल."

"आई पडली तेव्हा पेटी पलंगाखाली होती का?"

"ताई, कोर्ट आहे का हे?"

"होती का नव्हती?"

"होती! आईची शपथ, होती."

लहानपणी काच फुटली तेव्हा तो आईची शपथ म्हणाला होता आणि काच त्यानेच फोडली होती. शाळेत पेन चोरल्याचा आळ आला तेव्हाही तो आईची शपथ म्हणाला होता, आणि पेन खरंच त्याने चोरलं नव्हतं. त्याच्या शपथेवरून काही कळत नसे. आई म्हणायची, याची शपथ म्हणजे घड्याळ बंद पडलेलं, दिवसातून दोनदा बरोबर. ती गप्प राहिली. तो गप्पपणा त्याला सहन होत नसे, कधीच झाला नव्हता.

"पेटी नेली असं तू समजशील," तो म्हणाला. "तसं नाही. पेटी मी हलवली नव्हती. पेटी तिथेच होती, ताई." आणि मग, आवाज इतका खाली गेला की तिने फोन कानाला दाबला, "वाजली होती."

"काय?"

"बेल. वाजली होती ती. फोनवर नको. मी येतो."

"बेल वाजली आणि तू—"

फोन बंद झाला होता. तीन छप्पन्न. सहा मिनिटांत तिला जे मिळालं ते तिने वहीत उतरवलं, आडव्या रेघेखाली, तिसरी शक्यता म्हणून. बेल वाजली. मग तो काय करत होता? झोपला होता, बाहेर गेला होता, फोनवर होता, की आई पुन्हा आपली उठून बसली असेल, कोण येतंय ते बघायला, असं म्हणून जागचा हलला नव्हता? टिंग-टाँग, आणि सतरा अर्धी पावलं. की हे आत्ता रचलेलं होतं, पेटी नेल्याच्या आरोपातून सुटायला हाती लागलेली पहिली गोष्ट? पेटी नेणं जास्त वाईट की बेल ऐकून न उठणं, हे त्याने गच्चीत उभ्या उभ्या तोलून ठरवलं असेल, आणि एक निवडलं असेल. तिला कुठलं जास्त वाईट वाटतं हे ती शोधू लागली आणि सापडेना. एक गोष्ट मात्र तिन्ही शक्यतांत तशीच राहत होती. बोर्ड चुकला नव्हता. चुकलेली पेटी त्याच रात्री कुणी नक्कल करायला देत नाही. बेट निरुपद्रवी होतं. त्याला हे पहिल्या दिवसापासून, त्या बाकावरून उठल्यापासून माहीत होतं, आणि तरी तो मावशीला म्हणाला होता, मशीनच ते, चुकतं. तिला हलकं वाटायला हवं होतं. तिने वाट पाहिली. छातीवर काही हललं नाही. वापरून झालेलं पाणी जसं तांब्याला सोडत नाही तसं ते ओझं तिथेच बसून होतं.

साडेचार वाजले, पाच. त्याच्या घरापासून रिक्षाने पंचवीस मिनिटं. पावणेसहाला तिने भावजयीला फोन केला. "ते तर केव्हाच निघाले, वन्सं. चार वाजता. तुमच्याकडेच येतो म्हणाले की. का हो, काही झालंय का?" ती म्हणाली, काही नाही. मग बाथरूममध्ये गेली आणि ट्रेमधून बोर्ड चिमट्याने उचलला. सातव्या तासात होता. नळाखाली धरला. मार्करच्या काळ्या रेषा बहुतेक जागच्या जागी होत्या, थोड्या पापुद्र्यासारख्या उचललेल्या, पण लांबून बघणाऱ्याला बोर्ड धडधाकट वाटला असता. तिने फडक्यावर थिनर घेऊन शाई पुसली. खाली पिवळट पाटी होती. जाड रेषांच्या जागी कुठे कुठे तांब्याचा धागा, बाकी काही नाही. तिने बोर्ड ओट्यावर पालथा ठेवला, मेट्रनबाईंच्या पेटीचे चार स्क्रू लावले, आणि ती पेटी का वाजत नाही हे अजून बघितलंच नाही हे तिच्या लक्षात आलं.

मग ती बोळात आली, दारापासून दोन पावलांवर, आणि भिंतीला टेकून खाली बसली. जिन्यात दोनदा पावलं वाजली आणि वरच्या मजल्यावर गेली. एकदा कुणीतरी दाराबाहेर थांबल्यासारखं वाटलं. तिने श्वास धरून ऐकलं. सहा वाजून वीस मिनिटांपर्यंत बेल वाजलेली नव्हती.